काउंटीतलं शेती अनुदान: आधी कुठल्या टेबलावर जायचं?

प्रश्न: नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅटम काउंटीत आम्ही नुकतीच ३८ एकर जमीन घेतली, एलएलसीच्या (आमच्या छोट्या कंपनीच्या) नावावर. मधून ओढा जातो. १४ गाई त्यातच उतरून पाणी पितात आणि काठ ढासळतो. कुंपण घालून पाण्याची टाकी बसवायची आहे. सरकार ७५ टक्के देतं असं ऐकलं, पण अर्ज कुठे करायचा? कुंपणवाल्याचं कोटेशन आलंय, काम सुरू करू का? (एक वाचक, केरी)

उत्तर: काम सुरू करू नका. करारावर सरकारची सही होण्याआधी खांब रोवलात तर त्या कुंपणाचे पैसे मिळत नाहीत. गावाकडे पूर्वसंमतीआधी ठिबक घेतलं की अनुदान हातचं जातं, तसंच. कोटेशन जपून ठेवा, आगाऊ रक्कम मात्र देऊ नका.

तुमच्या काउंटीचं काम पाहणारं यूएसडीए (अमेरिकेचं कृषी खातं) सर्व्हिस सेंटर शोधा आणि फोन करून वेळ घ्या. तिथे दोन टेबलं असतात. आधी फार्म सर्व्हिस एजन्सी, म्हणजे एफएसए. हे टेबल तुमच्या जमिनीला फार्म नंबर आणि ट्रॅक्ट नंबर देतं. सातबारा नसल्यावर आपल्याकडे कुठलंच अर्जाचं पान हलत नाही, तशी या नंबरांची गोष्ट आहे. खरेदीखत, ओळखपत्र, एलएलसीचा ईआयएन (कंपनीचा कर क्रमांक) आणि सभासदांचे हिस्से लिहिलेला करारनामा सोबत न्या. तिथेच एडी-१०२६ (धूप होणारी जमीन आणि पाणथळ जागा राखण्याची हमी) आणि सीसीसी-९४१ (उत्पन्नाची मर्यादा) हे फॉर्म भरून घेतात. उत्पन्नाची मर्यादा सरासरी ९ लाख डॉलर आहे. एलएलसी असेल तर प्रत्येक सभासदाचा फॉर्म वेगळा लागतो. नवऱ्याने भरला आणि बायकोचा राहिला, एवढ्यावरून अर्ज पात्रतेतच अडकतो.

मग नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस, म्हणजे एनआरसीएसचं टेबल. तुमच्या कामाची योजना इक्विप, म्हणजे माती-पाणी राखण्याच्या कामांना एनआरसीएस देतं ते अनुदान. अर्ज सीपीए-१२०० या फॉर्मवर, वर्षभर कधीही देता येतो. निवड मात्र राज्याने ठरवलेल्या तारखेला साचलेल्या अर्जांना गुण देऊन होते. तारीख चुकली तर अर्ज पुढच्या फेरीत जातो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, ‘यंदाची कटऑफ कधी?’

त्यानंतर अधिकारी शेतावर येतो. त्याला ‘मला कुंपण हवंय’ असं सांगू नका, ढासळलेला काठ दाखवा. इक्विपचे पैसे वस्तूसाठी नसतात, माती-पाण्याची अडचण सुटावी म्हणून असतात. आणि तुमची अडचण खरीच मोठी आहे. पिडमॉंटची (राज्याच्या मधल्या पट्ट्याची) लाल चिकणमाती खुरांनी तुडवली की गवताची मुळं तुटतात आणि पुढच्या पावसात काठाचा लचका ओढ्यात जातो, शेणासकट. जमीन हॉ नदीच्या पाणलोटात असेल तर हे पाणी जॉर्डन लेकमध्ये उतरतं. केरीच्या नळाला येतं ते त्याच तळ्याचं.

एकटं कुंपण मागू नका, पूर्ण जोडणी मागा: कुंपण (कामाचा क्रमांक ३८२), पाइपलाइन (५१६), टाकी (६१४) आणि टाकीभोवतीचा पक्का ओटा (५६१). ओटा बहुतेक जण खर्च वाचवायला गाळतात. मग गाई दिवसभर त्याच जागी उभ्या राहतात आणि टाकीभोवती गुडघाभर चिखल होतो. खाली जिओटेक्स्टाइल कापड, वर दाबलेली खडी, एवढं हवंच.

पैसे तुमच्या बिलावर मिळत नाहीत. दर आधीच ठरलेला असतो, कुंपणाला फुटामागे. काम नकाशाप्रमाणे झालं हे तपासून मगच रक्कम खात्यात येते, तोवरचा खर्च तुमच्या खिशातून. शेती करायला लागून १० वर्षं झाली नसतील तर ‘बिगिनिंग फार्मर’ म्हणून नोंद मागा. दर वाढतो आणि किमान निम्मी रक्कम आगाऊ घेता येते, ती ९० दिवसांत खर्चावी लागते. एलएलसीत मात्र सगळे सभासद या अटीत बसावे लागतात. अनुभवी भावाला एक टक्का दिला असेल तरी सवलत जाते. अनुदानाने घातलेलं कुंपण २० वर्षं टिकवायचं असतं, हेही धरून चला.

इक्विपमध्ये नंबर लागला नाही तर काउंटीच्या सॉइल अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टकडे जा. राज्याची कॉस्ट शेअर योजना त्यांच्याकडे असते, ठरलेल्या सरासरी खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत. तिथेही मंजुरी आधी, काम नंतर.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण घाईची आहे. आधीच्या मालकाला मालमत्ता करात ‘प्रेझेंट यूज व्हॅल्यू’ची (बाजारभावाऐवजी शेतीच्या वापरावरून कर लावण्याची) सवलत असेल, तर ती चालू ठेवण्याचा अर्ज खरेदीपासून ६० दिवसांत काउंटीच्या कर कार्यालयात द्यावा लागतो. हे काम सर्व्हिस सेंटर करत नाही. सवलत गेली तर मागच्या तीन वर्षांचा माफ झालेला कर व्याजासह अंगावर येतो.

प्रश्न: मेथी, कारली, भेंडीसाठी पॉलिहाउस करायचंय. इक्विपमधून मिळेल का?

उत्तर: ‘हाय टनेल’ (क्रमांक ३२५) म्हणून अर्ज करा. पीक जमिनीतच हवं. कुंड्या किंवा टेबलांवरची रोपवाटिका चालत नाही. सांगाडा कंपनीचा तयार किट असावा, घरी वाकवलेल्या पाइपांचा नको. छतावरून पडणारं पाणी कुठे जाणार याचं उत्तर तयार ठेवा. उतारावर ते एका कडेने चर पाडतं आणि तपासणीत काम तिथेच अडतं.

प्रश्न: मी एच-१बी व्हिसावर आहे. जॉर्जियात १२ एकर शेतजमीन घेतली. अनुदान नको, मग एफएसएत जायची गरज आहे का?

उत्तर: आहे. अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेली व्यक्ती या कायद्याने ‘परदेशी’ ठरते आणि १० एकरांहून जास्त शेतजमीन घेतल्यास ९० दिवसांत एफएसए-१५३ फॉर्म द्यावा लागतो. वकील किंवा एजंट हे सांगेलच असं नाही. उशिराचा दंड आठवड्याला बाजारभावाच्या एक दशांश टक्का असतो आणि जास्तीत जास्त २५ टक्क्यांपर्यंत चढतो. मुदत उलटून गेली असली तरी याच आठवड्यात फॉर्म द्या, कारण प्रत्येक आठवडा मोजला जातो. फॉर्म द्यायला फी नाही. कुणी मागितली तर तो सरकारी माणूस नव्हे.