म्हाताऱ्या कुत्र्याची सेवा नव्याने करणाऱ्यांसाठी

तुमच्या कुत्र्याने आता वार्धक्यात पाऊल टाकले आहे, म्हणून अनुभवाने सांगतो की या काळात बदलायचे असते ते प्रामुख्याने आपल्याला. मोठ्या चणीची कुत्री साधारण सातव्या-आठव्या वर्षापासूनच थकू लागतात, लहान चणीची त्याहून उशिरा. मात्र सांधे आखडणे, ऐकू कमी येणे आणि रात्री दिशाहीन भटकणे दोघांच्याही वाट्याला येऊ शकते. मेंदूच्या वार्धक्यामुळे तो ओळखीच्याच खोलीत गोंधळून उभा राहिला, तर त्याला रागावू नका. अंथरूण, पाण्याचे भांडे आणि दिनक्रम शक्यतो बदलू नका.

फिरायला नेताना तो एकाच जागी बराच वेळ हुंगत राहील, तेव्हा दोरी न ओढता थांबा, कारण दृष्टी आणि श्रवण मंदावल्यावर त्याचे जग मुख्यतः गंधावरच उभे असते. माझ्या मते खरे ध्यान इथेच घडते: पुढे पोहोचण्याची घाई गळून पडते आणि समोरच्या जिवाच्या गतीने श्वास घेता येऊ लागतो. त्याने अंथरुणात लघवी केली तर ती निमूटपणे पुसा. मोबदल्याची अपेक्षा नसलेली सेवा याहून सोप्या रूपात क्वचितच भेटते.

माणसांची वेदनाशामके त्याला कधीही देऊ नका, ती जीवघेणी ठरू शकतात. सहा महिन्यांतून एकदा पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्या. अखेरच्या निर्णयाविषयी, म्हणजे यातना असह्य झाल्यास त्याला दयामरण द्यायचे का याविषयी, त्यांच्याशी आत्ताच, मन शांत असताना बोलून ठेवा, म्हणजे त्या वेळी आपली आसक्ती त्याच्या यातनांपेक्षा मोठी ठरणार नाही.