साळिंदर काटे फेकतं का?

लाडक्या ईशान,

साळिंदर चिडलं की काटे फेकून मारतं असं आपल्याकडे सगळे सांगतात. ते खरं का, आणि जगातली सगळी साळिंदरं तसंच करतात का, असं तू विचारलंस.

कुठलंच साळिंदर काटे फेकत नाही. काटा म्हणजे जाड, टणक झालेला केस. कातडीतले स्नायू तो उभा करतात, पण फेकू शकत नाहीत. मात्र मुळाशी तो सैल बसलेला असतो. आपल्याकडचं साळिंदर आधी काटे फुलवतं, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवतं आणि तरीही बिबट्या हटला नाही, तर पाठमोरं त्याच्यावर धावून जातं. काटे पंजात रुततात आणि तिथेच राहतात. झटापटीत काही गळूनही पडतात. लांबून बघणाऱ्याला ते फेकल्यासारखेच वाटणार.

आता लांब शेपटीच्या साळिंदराचं बघ. मलय द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओच्या वर्षावनांत ते राहतं. शास्त्रीय नाव ट्रायकिस फॅसिक्युलाटा. आपलं साळिंदर दहा किलोंच्या वर जातं, हे जेमतेम दोन किलोंचं. काटे आखूड, चपटे, लवचीक आणि तपकिरी, त्यामुळे पहिल्या नजरेला ती मोठी घूसच वाटते. शेपटीवर खवले आणि टोकाला राठ केसांचा झुबका असतो, पण खुळखुळा नाही. दिवसा ते बिळात किंवा ढोलीत दडतं, रात्री फळं, बिया, बांबूचे कोंब खातं. झाडाझुडपांवरही चांगलं चढतं.

एवढ्या मऊ काट्यांनी शत्रू कसा अडणार? मला तर त्याची युक्ती फार आवडते: शेपटी पकडली गेली की ती तुटते आणि साळिंदर निसटतं. पालीसारखी ती पुन्हा वाढत नाही, म्हणजे हा उपाय आयुष्यात एकदाच.

म्हणूनच जंगलात लावलेल्या कॅमेऱ्याचे फोटो ओळखताना फसगत होते. झुबका दिसला तर ते साळिंदरच. बिनशेपटीचं असेल, तर पाठ मोठी करून बघ: केसांच्या जागी चपटे काटे दिसले तर ती घूस नव्हे. लांब, काळे-पांढरे काटे असतील, तर ते त्याच जंगलातलं दुसरं, मोठं साळिंदर.

तुझी,
आई