जुना डेस्कटॉप हॉलमधल्या टीव्हीला जोडला, पण चित्र कापलं जातं आणि संवाद ऐकू येत नाहीत. याचं नीट होम थिएटर कसं करावं?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा डेस्कटॉप पडून आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १० आहे. तो ४के टीव्हीला एचडीएमआयने जोडलात. चित्राच्या कडा कापल्या जातात, काळा रंग राखाडी दिसतो, माउस ओढल्यासारखा चालतो. संगीत दणदणीत, संवाद मात्र गायब. आणि घरातले बाकीचे ‘तुझं ते तूच लाव’ म्हणून मोकळे होतात.

यातली शेवटची तक्रार सगळ्यात महत्त्वाची. बाकीचं सगळं सेटिंगमध्ये सुटतं. हॉलमधला कॉम्प्युटर घरातल्या इतरांना रिमोटने लावता आला नाही, तर तो चार दिवसांचा खेळ ठरतो.

म्हणून आधी एक स्पष्ट मत सांगतो: सगळं त्या एकाच डब्यावर चालवायचा हट्ट सोडा. नेटफ्लिक्ससारख्या सेवांसाठी टीव्हीतली ॲप्स किंवा साधी स्ट्रीमिंग स्टिक कॉम्प्युटरपेक्षा सरस आहे. कारण तांत्रिक नाही, हक्कांचं आहे. या सेवा चित्र कुलूपबंद करून पाठवतात आणि समोरचं यंत्र किती विश्वासाचं, ते बघून दर्जा ठरवतात. अशा कॉम्प्युटरवर नेटफ्लिक्सचं ४के हवं असेल तर विंडोज लागतं, एजसारखा ठरावीक ब्राउझर लागतो, आणि प्रोसेसरपासून टीव्हीपर्यंतच्या प्रत्येक कडीला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) यावं लागतं. लिनक्सवर नेटफ्लिक्सचं ४के मिळतच नाही. एवढा आटापिटा करून जे मिळणार, ते टीव्हीचं बटण दाबलं की आपसूक मिळतं. कॉम्प्युटरला त्याचं खरं काम द्या: तुमच्याकडच्या फाइल, डिस्कवरून उतरवलेले सिनेमे, घरचे व्हिडिओ, गाणी, फोटो. तिथे त्याला तोड नाही.

हे एकदा मान्य केलंत की विंडोजचीही गरज उरत नाही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला आणि सातव्या पिढीतले जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. त्या मशीनवर लिब्रेएलेक टाका. ही लिनक्सची अगदी छोटी आवृत्ती आहे, मशीन सुरू केलं की थेट कोडी, म्हणजे सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर, उघडतं. डेस्कटॉप नाही, टास्कबार नाही, सिनेमा ऐन रंगात असताना अपडेटची खिडकी नाही. आधी पेन ड्राइव्हवर टाकून चालवून बघा, डिस्कला हात न लावता. आवडलं तर मग इन्स्टॉल करा. कोडी म्हणजे पूर्वीचं एक्सबीएमसी. मूळ एक्सबॉक्सवर सुरू झालेला हा प्रकल्प २०१४मध्ये कोडी झाला. सोफ्यावर बसून रिमोटने चालवायचं हे त्याच्या घडणीतच आहे, ते दिसतंही.

तुमचं मशीन या कामाला पुरेसं आहे. सातव्या पिढीपासून इंटेलच्या ग्राफिक्सला १० बिट एचईव्हीसी, म्हणजे बहुतेक ४के सिनेमांचा प्रकार, हार्डवेअरमध्ये उलगडता येतो. प्रोसेसर निवांत बसून राहतो. एव्ही१ हा नवा व्हिडिओ प्रकार मात्र अकराव्या पिढीपासून आला, तशा फाइल इथे अडतील. एचडीआरच्या (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्राच्या) मागे या मशीनवर लागू नका. तसल्या फाइल टीव्हीच्याच यूएसबीला लावून बघा.

आता माउस ओढल्यासारखा का चालतो ते. त्या काळच्या बहुतेक मदरबोर्डांवरचं एचडीएमआय १.४ आहे आणि ते ४के चित्र सेकंदाला फार तर ३० वेळा पाठवू शकतं. बोर्डाच्या मागे डिस्प्लेपोर्ट आहे का बघा. असेल तर डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय २.० करणारा ‘ॲक्टिव्ह’ अडॅप्टर घ्या, त्यातून ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, मिळतात. पॅसिव्ह घेतलात तर पैसे पाण्यात. डिस्प्लेपोर्ट नसेल तर कोडीचा इंटरफेस १०८०पीवर ठेवा, काही बिघडत नाही. सिनेमे २४ फ्रेमचे असतात आणि २४ हर्ट्झचं ४के जुन्या एचडीएमआयमधूनही जातं.

कडा कापल्या जाणं ही ट्यूबच्या टीव्हीच्या काळातली सवय आहे. तेव्हा पडद्याच्या कडेचं चित्र वेडंवाकडं यायचं, म्हणून टीव्ही ते थोडं मोठं करून कडा लपवायचे. पडदे सपाट झाले, सवय गेली नाही. इलाज टीव्हीच्या मेनूत आहे: चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ असं काहीतरी सापडेल. प्रत्येक कंपनीने वेगळं नाव ठेवलंय. हे कॉम्प्युटरच्या बाजूने चित्र आक्रसून करायला जाऊ नका. तसं केलं की चित्र दोनदा मोजमाप बदलून पडद्यावर येतं आणि अक्षरं पुसट होतात.

राखाडी काळ्याची भानगड अशी. कॉम्प्युटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ असे आकडे वापरतो. व्हिडिओ १६ ते २३५ वापरतो. कॉम्प्युटर १६ला काळा म्हणून पाठवतोय आणि टीव्ही शून्याला काळा धरून बसलाय, म्हणजे १६ त्याच्या लेखी गडद राखाडी. उलट झालं तर अंधारातले सगळे तपशील गिळले जातात, काळ्या कोटाच्या घड्याही दिसत नाहीत. दोन्ही टोकांनी एकच ठरवायचं, एवढंच. टीव्हीत ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘एचडीएमआय रेंज’ नावाचं सेटिंग असतं, कोडीत सिस्टीम, डिस्प्लेखाली ‘लिमिटेड कलर रेंज’ची खूण असते. एका वेळी एकच बदला. तपासायला काळ्याच्या पट्ट्या असलेला चाचणी व्हिडिओ लावा. १६पर्यंतच्या पट्ट्या पूर्ण काळ्यात विरल्या पाहिजेत, आणि १८-१९च्या पुढच्या अंधाऱ्या खोलीत जेमतेम दिसल्या पाहिजेत. तसं जमलं की ते मेनू पुन्हा उघडू नका.

चित्राचं आणखी एक सेटिंग आहे, ते तुम्ही विचारलेलं नाही, पण मी त्यालाच सगळ्यात जास्त मोल देतो. कोडीत सेटिंग्ज, प्लेअर, व्हिडिओ इथे ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ आहे. ते ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’वर ठेवा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पडदा ६० हर्ट्झचा. २४ने ६०ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा असं दाखवावं लागतं. कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा किंवा शेवटी नावं वर सरकतात तेव्हा ते हिसके डोळ्याला जाणवतात. हे सेटिंग लावलं की सिनेमा सुरू होताना पडदा क्षणभर काळा होतो आणि टीव्ही २४वर जातो. घरच्यांना तेवढं सांगून ठेवा, नाहीतर बिघडलं म्हणून आरडाओरडा होतो. बारकावा असा की बहुतेक सिनेमे नेमके २४ नसून २३.९७६ असतात. टीव्ही चोख २४.०००वर गेला तर साधारण दर ४० सेकंदांनी एक बारीक झटका बसतो. दोन्ही दर यादीत दिसत असतील तर कोडी बरोबर निवडतं. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं फीचर मात्र बंदच करा. त्याने चांगला सिनेमा मालिकेच्या सेटवर चित्रित केल्यासारखा दिसतो.

आवाजाकडे येऊ. संवाद गायब होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण गमतीशीर आहे. सिनेमाचा आवाज ५.१, म्हणजे सहा चॅनेलचा, असतो, त्यात संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरसाठी. तुमच्याकडे टीव्हीचे दोनच स्पीकर, पण कॉम्प्युटरला कुणीतरी ‘५.१ आहे’ असं सांगून ठेवलेलं. मग तो इमानदारीत संवाद मधल्या चॅनेलवर पाठवतो, तिथे स्पीकरच नसतो, आणि डाव्या-उजव्यातून फक्त संगीत आणि स्फोट ऐकू येतात. विंडोजमध्ये स्पीकरच्या कॉन्फिगरेशनमध्ये स्टिरिओ निवडा, कोडीत सिस्टीम, ऑडिओखाली चॅनेलची संख्या २.० करा. माझ्या पाहण्यात ‘संवाद ऐकू येत नाहीत’ या तक्रारीतल्या निम्म्याअधिक इथेच मिटतात. तरी पुटपुट वाटली तर सिनेमा चालू असताना ऑडिओच्या मेनूत डाउनमिक्स करताना (सगळे चॅनेल दोनात मिसळताना) मधला चॅनेल वाढवायची सोय आहे, ती वापरा.

पुढे साउंडबार किंवा रिसीव्हर (स्पीकर चालवणारा होम थिएटरचा ॲम्प्लिफायर) घ्यायचा विचार असेल तर जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण कॉम्प्युटर टीव्हीला आणि टीव्हीतून एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच तारेतून बाहेर नेणाऱ्या सोयीने) साउंडबार असं जोडतात. होतं काय, केबल जोडताच टीव्ही कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतो आणि बरेच टीव्ही त्यात ‘मला दोनच चॅनेल कळतात’ एवढंच सांगतात. कॉम्प्युटर मुकाट्याने स्टिरिओ पाठवतो. महागडा साउंडबार मागे ताटकळत बसतो. रिसीव्हरला एचडीएमआय इनपुट असेल तर कॉम्प्युटर आधी त्याला जोडा, आणि त्याचं आउटपुट टीव्हीला. मग कोडीत पासथ्रू चालू करून डॉल्बी आणि डीटीएस जसंच्या तसं बाहेर जाऊ द्या, उलगडायचं काम रिसीव्हर करेल. रिसीव्हर जुना असेल तर तो ४के पुढे पाठवतो का, हे आधी बघा. ऑप्टिकल केबलमधून साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस जातं, ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे वरच्या दर्जाचे प्रकार जात नाहीत. साध्या एआरसीचंही तेच, त्या प्रकारांना ईएआरसी ही त्याची सुधारित आवृत्ती लागते. आणि पासथ्रू चालू असताना कोडीचं व्हॉल्यूम चालत नाही, आवाज रिसीव्हरवरूनच कमी-जास्त करावा लागतो. हे माहीत नसलं की माणूस रिमोट आपटतो.

ओठ आणि आवाज मागेपुढे होत असतील तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतोय. कोडीत ऑडिओ ऑफसेट आहे, एकदा जुळवा आणि ‘सर्व व्हिडिओंसाठी’ म्हणून जतन करा.

आता रिमोट. रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डांना टीव्हीचाच रिमोट चालतो, कारण एचडीएमआयच्या तारेतूनच बटणांचे संदेश जातात. त्याला सीईसी म्हणतात. डेस्कटॉपच्या ग्राफिक्सला सहसा हे येत नाही. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, पल्स-एटचा यूएसबी-सीईसी अडॅप्टर, जो तारेच्या मध्ये बसतो आणि टीव्हीचा रिमोट कोडीपर्यंत पोचवतो. दोन, फ्लर्क नावाचा यूएसबी रिसीव्हर. त्याला घरातला कुठलाही जुना रिमोट शिकवता येतो, कॉम्प्युटरला वाटतं कुणीतरी कीबोर्डच दाबतंय. मला दुसरी वाट जास्त भरवशाची वाटते, कारण सीईसी प्रत्येक कंपनीने आपापल्या लहरीप्रमाणे राबवलंय. टचपॅडवाला वायरलेस कीबोर्ड ड्रॉवरमध्ये असू द्या, अडीनडीला. त्याचा रिसीव्हर मागच्या यूएसबी ३ पोर्टला खेटून लावू नका. यूएसबी ३मधून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि अक्षरं गळायला लागतात. वीतभर एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर पुढे आणला की त्रास थांबतो.

फाइलच्या नावांना शिस्त लावा: सिनेमाचं नाव आणि कंसात वर्ष, मालिकांना सीझन आणि भागाचा क्रमांक. कोडी पोस्टर आणि माहिती त्यावरूनच शोधतं. सिनेमे एका फोल्डरमध्ये, मालिका दुसऱ्यात. घरचे व्हिडिओ तिसऱ्यात, त्यांना माहिती शोधायला लावू नका, नाहीतर बारशाच्या व्हिडिओला कुठल्यातरी भयपटाचं पोस्टर लागतं.

फाइल दुसऱ्या मशीनवर असतील तर नेटवर्कची वायर ओढा. ४के डिस्कवरून उतरवलेल्या फाइलचा वेग मध्येच १०० मेगाबिटच्या वर उसळतो, वायफाय तिथे दमतं. घरात दुसरा टीव्हीही असेल तरच जेलिफिनसारख्या (एका मशीनवरचे सिनेमे अनेक पडद्यांना पुरवणाऱ्या) सर्व्हरचा विचार करा. एकाच पडद्यासाठी तो उगाच व्याप आहे.

पंख्याचा आवाज शांत प्रसंगात फार बोचतो. धूळ काढा, सिस्टीम एसएसडीवर ठेवा, बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंख्याचा वेग तापमानानुसार ठेवा, आणि टीव्हीखालच्या कपाटात ठेवणार असाल तर त्याची मागची बाजू उघडी ठेवा. तरी घुमत राहिला, तर इंटेल एन१००वरचा मिनी पीसी बघा. त्याचा प्रोसेसर ६ वॅटचा आहे आणि एव्ही१ही उलगडतो. पंखा नसलेले नमुनेही मिळतात.

शेवटी, शटडाउन करायची सवय मोडा आणि स्लीप वापरा. बायॉसमध्ये यूएसबीवरून जागं होण्याची सोय चालू करा आणि कोडीत पॉवर बटणाला ‘सस्पेंड’ नेमून द्या. रिमोटचं एक बटण दाबलं की काही सेकंदांत पोस्टरांची भिंत समोर येते. काही मदरबोर्ड जागे झाल्यावर एचडीएमआयचा आवाज विसरतात. तसं झालं तर जागं होण्याच्या आधी टीव्ही आणि रिसीव्हर चालू असतील असा क्रम ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर मदरबोर्डचं मॉडेल इथे लिहा, मग बायॉसमधलं नेमकं कुठलं सेटिंग बदलायचं ते बघू.