श्वास मोज, अंदाजे २० लिहू नकोस

नाइट ड्युटीला नवीन लागली आहेस म्हणून सांगते. बीपी, पल्स, टेम्परेचर आपण नीट घेतो, पण श्वासाच्या रकान्यात सगळ्यांना २० लिहून मोकळं होतो. तसं कधीच करू नकोस गं. पेशंट बिघडायला लागला की बहुतेकदा आधी श्वास वाढतो, बीपी फार उशिरा उतरतं. नाडी बघतेय असं दाखवत मनगट धर आणि छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोज. मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. २५ च्या घरात गेले की लगेच डॉक्टरांना फोन.

सांगलीत असताना तासगावकडच्या एक मावशी लघवीच्या इन्फेक्शनसाठी ॲडमिट होत्या. ताप नाही, बीपी ११०. सून सारखी म्हणत होती, "आई मला वळखंना झाल्यात, कायतरी येगळंच बोलत्यात." वय झालंय म्हणून मी सोडून दिलं. दोन तासांनी मोजले तर श्वास ३२, हातपाय गार, आणि युरिन बॅगेत चार तासांची जेमतेम ५० मिली. सेप्सिस होता, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच बिघडायला लागले होते. मावशी वाचल्या, पण ते दोन तास मला अजून बोचतात.

नातेवाईक "आज वेगळंच वागतायत" म्हणाले तर ते लिही आणि कळव. फोनवर "पेशंट बरा वाटत नाही" एवढंच नको, आकडे सांग. सेप्सिसचा संशय असेल तर ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) आधी घ्यायचं, पण त्यापायी अँटिबायोटिक अडवायचं नाही. शॉक असेल, म्हणजे बीपी फार उतरून अवयवांना रक्त कमी पडत असेल, तर पहिल्या तासातच डोस जायला हवा. रात्री तीनला डॉक्टर चिडले तर चिडू देत.