उलटीची किळस तर सगळ्यांनाच येते, मग तिची भीती हा आजार कधी म्हणायचा?

किळस घाण दिसत असेपर्यंतच. पुसून झालं की माणूस जेवायला बसतो. एमेटोफोबियात, म्हणजे उलटीच्या भीतीच्या आजारात, कुणी ओकलेलं नसतानाही धास्ती असते. बेळगावहून गोव्याला जायचं तर चोर्ला घाटातल्या वळणांच्या विचारानं आदल्या दिवसापासून जेवण बंद, लग्नाच्या पंगतीत नुसता भात, खिशात कायम उलटीची गोळी. शिवाय घाबरल्यावर पोटात ढवळतं, तेच उलटीचं लक्षण वाटतं आणि भीती आणखी वाढते. हे चक्र फार छळतं. ‘मनावर घेऊ नको’ म्हणणाऱ्यांचं कृपा करून ऐकू नका. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात ही टाळाटाळ हळूहळू कमी करत नेतात, त्याचा खरंच उपयोग होतो. धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय बेळगावहून जवळ आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. खाणं तुटून वजन घटत असेल तर आजच फोन करा.