चेहऱ्याच्या जखमेत रक्तवाहिनी विसरू नकोस

घोडबंदर रोडवरून रात्री बाईकवाला येतो. चेहरा सुजलेला, नाकातोंडातून रक्त, आणि तुझं लक्ष आधी मोडलेल्या जबड्याकडे जातं. थांब. पहिला श्वासमार्ग. उताणा पेशंट रक्त गिळत राहतो, मग उलटी होते आणि ती फुप्फुसात जाते. शुद्धीवर असेल, मानेला धोका नसेल, तर बसू दे त्याला.

गालातून रक्त उडालं तरी आंधळेपणाने आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) लावू नकोस. तिथेच फेशियल नर्व्ह आहे, चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस. ती चिमटली तर त्याचं हसू कायमचं वाकडं होईल. बोटाने नीट दाबून धर. नाकातलं पॅकिंग करूनही थांबत नसेल तर सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन), आणि बऱ्याचदा इंटर्नल मॅक्सिलरी आर्टरीचं, म्हणजे चेहऱ्याच्या आतल्या धमनीचं, एम्बोलायझेशन (ती आतून बंद करणं). लफोर्ट २ किंवा ३ (चेहऱ्याच्या मधल्या हाडांचं मोठं फ्रॅक्चर) असेल तर मानेतल्या कॅरॉटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्याही बघून घे, लक्षणं नसली तरी.

मला खरी भीती वाटते ती उशिरा दिसणाऱ्या जखमांची. कानशिलावर मार लागलेला मुलगा काही आठवड्यांनी 'गाठ आलीय' म्हणत ओपीडीत येतो. ब्लेड उचलण्याआधी गाठीवर बोट ठेव. ठोके लागले तर ती फाटलेल्या धमनीबाहेर साचलेल्या रक्ताची पिशवी, म्हणजे स्यूडोअ‍ॅन्युरिझम समज, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) कर, चीर देऊ नकोस. आणि डोळा लाल, पुढे आलेला, 'डोक्यात सारखा घूं घूं आवाज येतो सर' असं कुणी म्हणालं, तर मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप हलकेच ठेवून ऐक. कॅरॉटिड-कॅव्हर्नस फिश्चुला असू शकतो, म्हणजे कॅरॉटिड धमनी आणि डोळ्यामागच्या शिरांची जागा यांच्यात पडलेली चुकीची वाट. न्यूरो-इंटरव्हेन्शनवाल्यांना (रक्तवाहिनीतून नळी घालून मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करणारे) त्याच दिवशी फोन कर, नजर वाचवायची असते.