चवथीला पाहुणे विचारतात, मुलगा काय करतो?

डिचोलीहून आई आणि 27 वर्षांचा मुलगा माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) बसल्या बसल्या आई म्हणाल्या, "मॅडम, पुण्याची नोकरी सोडून आला. रात्रभर कॉम्प्युटरवर लोकांची कामं फुकट करतो. चवथीला पाहुणे विचारतात, तेव्हा मी काय सांगू? ह्याचे बाबा तर सरकारी नोकरीचा फॉर्म हातात घेऊनच बसलेत."

मुलगा खाली मान घालून होता.

ही काळजी खोटी नाही. पण 'फुकट' हे अर्धंच खरं. मुलगा करतो ते ओपन सोर्सचं काम, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि ज्यात कुणीही सुधारणा सुचवू शकतो असं सॉफ्टवेअर. कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स हे असंच सॉफ्टवेअर, 1991 मध्ये लिनस तोरवाल्ड्झने शिकता शिकता सुरू केलं. आज त्याच्या कर्नेलचं, म्हणजे गाभ्याचं, बहुतेक काम कंपन्यांचे पगारी इंजिनिअर करतात. ओपन सोर्सवरच उभी राहिलेली रेड हॅट ही कंपनी आयबीएमने 2019 मध्ये सुमारे 34 अब्ज डॉलरना घेतली. पैसा आहे, फक्त तो चालत घरी येत नाही.

मी मुलाला म्हटलं, आईंना एक काम उघडून दाखव. त्याने लॅपटॉप फिरवला. 14 ओळींचा बदल, आणि खाली कुणा परदेशी मेंटेनरचे, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचे, शेरे. सहा वेळा परत आलेला, सातव्यांदा घेतलेला. आई वाकून बघत राहिल्या. "वहीवर बाई लाल शाईने लिहायच्या तसं."

तेव्हा तो पहिल्यांदा बोलला, "नोकरीत माझा कोड इतक्या काळजीने कुणी वाचला नाही."

मला खटकलं ते वेगळंच. रात्री दोनला तो वापरणाऱ्यांच्या शिव्यांना उत्तरं देत होता. 2024 मध्ये उघडकीस आलेलं एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनाचं प्रकरण त्याला ठाऊक होतं: एकटा, दमलेला मेंटेनर, तगादा लावणारे अनोळखी लोक, आणि मदतीला आलेल्यानेच कोडमध्ये ठेवलेला चोरदरवाजा. "तो मेंटेनर मीही असू शकलो असतो," तो म्हणाला.

मग ठरलं ते असं: रात्री अकरानंतर लॅपटॉप बंद. आपला प्रकल्प वापरणाऱ्या कंपन्यांची यादी करून त्यांना थेट लिहायचं, सोबत स्वीकारलेल्या कामांचे दुवे. सहा महिन्यांत काही जमलं नाही, तर पगाराची नोकरी आणि ओपन सोर्सला फक्त शनिवार. घरखर्चाला किती देणार, तो आकडा त्याने तिथेच आईंना सांगितला.

चौथ्या महिन्यात फोन आला, अर्धवेळ कंत्राट मिळालं होतं. बाबांचा फॉर्म मात्र अजून टेबलावरच आहे, आणि तो उचलायला कुणी सांगत नाही.